प्लायमाउथ ते पद्मिनी

विश्रामबागेत राहणाऱ्या माणसाच्या कानावर ‘वालचंद’ हा शब्द दिवसातून दहा वेळा तरी पडतो. रिक्षावाला विचारतो, ‘वालचंदच्या अलीकडं का पलीकडं?’ पाहुण्यांना पत्ता सांगताना आपणही वालचंदपासूनच सुरुवात करतो. नाव इतके अंगवळणी पडले आहे, की वालचंद हा एक हाडामांसाचा माणूस होता याचा विसरच पडावा. १९४७ मध्ये धोंडूमामा साठे यांनी ‘न्यू इंजिनिअरिंग कॉलेज’ या नावाने सुरू केलेले हे कॉलेज १९५५ मध्ये शेठ वालचंद हिराचंद यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. मी तिथे पाच वर्षे काढली. वर्कशॉपमध्ये कानशीने हात सोलून घेतले, थर्मोडायनॅमिक्समध्ये कसाबसा पार पडलो. पण ज्याचे नाव आमच्या पदवीवर आहे त्याने त्याच १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली मोटार बाहेर काढली, हे काही त्या पाच वर्षांत आम्हाला कोणी सांगितल्याचे आठवत नाही. आणि ती मोटार होती चक्क अमेरिकन घराण्याची!

वालचंद सोलापूरचे. जन्म १८८२ चा. घरचा सावकारी-व्यापारी धंदा सोडून हा माणूस रेल्वेच्या ठेकेदारीत शिरला, तोही लक्ष्मणराव फाटक नावाच्या, एके काळी रेल्वेत कारकुनी केलेल्या गृहस्थाला भागीदार घेऊन. बोरघाटातले बोगदे, तानसा तलावाचे नळ अशी कामे करता करता नजर समुद्राकडे वळली. १९१९ मध्ये सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट मुंबईहून इंग्लंडला निघाली. ५ एप्रिल हा तिच्या प्रस्थानाचा दिवस आजही देशात सागरी दिन म्हणून पाळला जातो. मग रावळगावचा साखर कारखाना, इंदापूर तालुक्यातले वालचंदनगर. बोट झाली, साखर झाली. उरले होते विमान आणि मोटार.

मोटारीची कल्पना खरे तर सर विश्वेश्वरय्यांची. १९३० च्या दशकात त्यांनी हिंदुस्थानात मोटारी बनवण्याची योजना तयार केली, त्यासाठी युरोप-अमेरिका पालथी घातली. मुंबईच्या बाळासाहेब खेर मंत्रिमंडळाची सहानुभूती होती. पण १९३९ मध्ये ते मंत्रिमंडळच गेले. त्या वेळी आपल्याकडे मोटारी ‘होत’ नव्हत्या असे नाही. जनरल मोटर्सने १९२८ मध्येच शिवडीला जुळणीचा कारखाना टाकला होता, पाठोपाठ फोर्डही आली. मात्र पेट्यांतून आलेले भाग जोडायचे आणि मोटार विकायची, यापलीकडे इथे काही शिकायचे नाही, असा तो व्यवहार होता. वालचंद १९३९ मध्ये अमेरिकेला गेले. फोर्डशी जमले नाही. १९४० मध्ये क्रायस्लरशी करार झाला. महायुद्धाच्या धामधुमीत इंग्रज सरकारने या उद्योगाला साथ दिली नाही. शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली आणि तीन वर्षांनी कुर्ल्यातून डॉज, डिसोटो आणि प्लायमाउथ या मोटारी बाहेर पडू लागल्या. एक गोष्ट मला विलक्षण वाटते. वालचंदांनी बंगळूरला विमानाचा कारखाना काढला, तो सरकारने घेतला. विशाखापट्टणमला जहाजाची गोदी बांधली, तीही पुढे सरकारकडे गेली. तीन स्वप्नांपैकी घरात राहिली ती एकटी मोटार.

आता ही प्लायमाउथ कोण, ते थोडे सांगायला हवे. वॉल्टर क्रायस्लर यांनी १९२८ मध्ये ती बाजारात आणली, फोर्ड आणि शेवरोलेच्या गिऱ्हाइकासाठी, म्हणजे बेताच्या खिशासाठी. नावामागचा एक किस्सा सांगतात. इंग्लंडहून यात्रेकरूंना घेऊन गेलेले ‘मेफ्लॉवर’ जहाज प्लायमाउथला लागले, म्हणून ते नाव, असे जाहिरातीत म्हटले जाई आणि बोधचिन्हावरही जहाज होते. पण कंपनीतल्या एका अधिकाऱ्याचा मुद्दा निराळाच होता. पेंढ्या बांधायची ‘प्लायमाउथ’ सुतळी अमेरिकेतल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी असते, तेव्हा नाव आपोआप तोंडात बसेल! सुतळीवरून नाव घेतलेली ही मोटार मंदीच्या काळातही तरली, इतकी की अमेरिकेत खपात तिसऱ्या क्रमांकावर जाऊन बसली.

अशी ही कुळशीलवान, पण साधी बाई साठच्या दशकात एकदम बेफाम झाली. १ एप्रिल १९६४ ला ‘बाराकुडा’ आली, फोर्डच्या गाजलेल्या ‘मस्टँग’च्या दोन आठवडे आधी. १९६८ मध्ये ‘रोड रनर’ आली. व्यंगचित्रपटातल्या त्या धावऱ्या पक्ष्याचे नाव आणि चित्र वापरायला कंपनीने ५०,००० डॉलर मोजले आणि हॉर्नसुद्धा त्या पक्ष्यासारखा ‘बीप बीप’ वाजणारा बसवला. आत ना गालिचा, ना नखरे. सगळा पैसा इंजिनात. हौशी गिऱ्हाइकाला ४२६ घनइंचांचे ‘हेमी’ इंजिन मिळे. कागदावर ४२५ अश्वशक्ती. आपल्या हिशेबाने सात लिटर! आपल्या फियाटचे इंजिन १,०८९ सीसीचे आणि ताकद चाळीस-पंचेचाळीस घोड्यांची, म्हणजे पहा. १९७० मध्ये तर शर्यतीसाठी पाठीवर पुरुषभर उंचीच्या आसपास पंख लावलेली ‘सुपरबर्ड’ निघाली आणि रिचर्ड पेटी हा निळ्या रंगाच्या ४३ क्रमांकाच्या गाडीचा शर्यतबहाद्दर ती चालवू लागला.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे याच सुमारास कुर्ल्यातली प्लायमाउथ केव्हाच मागे पडली होती. १९५३ मध्ये सरकारने ठरवले, की ज्यांना इथे मोटारी खरोखर बनवायच्या आहेत त्यांनीच थांबावे. जनरल मोटर्स आणि फोर्ड गाशा गुंडाळून गेल्या. प्रीमियर राहिली, पण सहा सिलिंडरची अमेरिकन मोटार आणि हिंदुस्थानी खिसा यांचे जमणे अवघड होते. १९५१ पासून कंपनीने इटलीच्या फियाटशी सोयरीक केली होती. आधी छोटी फियाट ५००, मग १९५४ मध्ये ‘मिलेचेंतो’, म्हणजे अकराशे. क्रायस्लर घराण्याचे ट्रक बरीच वर्षे निघत राहिले. पण मोटार म्हणजे फियाट, हे समीकरण पक्के झाले.

त्या पहिल्या अकराशेचे नाक आणि पाठ अशी काही गोलमटोल होती, की मराठी माणसाने तिला ‘डुक्कर फियाट’ म्हणायला वेळ लावला नाही. कंपनी ‘एलिगंट’, ‘सिलेक्ट’, ‘सुपर सिलेक्ट’ अशी खानदानी नावे ठेवीत राहिली; आपण डुकरावरून ओळखत राहिलो! या नावात तुच्छता मुळीच नव्हती. मिरजेच्या एखाद्या नामांकित डॉक्टरची डुक्कर फियाट दारात उभी राहिली, की गल्लीतली पोरे हात लावून बघायला धावत. पुढचे दरवाजे उलटे उघडत, त्यामुळे बायकांना साडी सावरून उतरणे सोपे जाई असे आई सांगे. चालत्या गाडीत असा दरवाजा उघडला तर वारा तो उपटूनच काढील, हा भाग वेगळा.

१९६४ मध्ये ‘११०० डिलाइट’ आली. तिचे सर्वांत प्रसिद्ध गिऱ्हाईक म्हणजे लालबहादूर शास्त्री. पंतप्रधानांच्या घरी स्वतःची मोटार नव्हती. मुलांचा आग्रह झाला. किंमत १२,००० रुपये, बँकेत शिल्लक ७,०००. पंजाब नॅशनल बँकेकडून ५,००० रुपये कर्ज काढून त्यांनी फियाट घेतली. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला ते गेले तेव्हा कर्ज फिटलेले नव्हते. ललितादेवींनी ते आपल्या पेन्शनमधून फेडले. योगायोग असा, की कुर्ल्यात प्रीमियरच्या कारखान्यासमोरून जाणारा जुना आग्रा रोड पुढे लालबहादूर शास्त्री मार्ग झाला.

माझे थोरले मामा याच कारखान्यात होते. घाटकोपरच्या चाळीतून सकाळी डबा घेऊन निघत. सुट्टीत आम्ही गेलो, की रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक फियाटकडे बोट दाखवून ‘ही आमची’ म्हणत. दार बंद झाल्याच्या आवाजावरून ते बिजागरी नीट बसली आहे की नाही ते सांगत. स्वतः आयुष्यभर लोकलने हिंडले. मोटार घ्यावी असे वाटले नाही का, असे एकदा विचारले, तर म्हणाले, ‘अरे, रोज इतक्या हाताखालून जातात, त्यातली एक घेऊन काय करू?’

घेणाऱ्याला तरी ती कुठे मिळत होती! परवाना-राज्यात कारखान्याने किती मोटारी काढायच्या हे दिल्लीत ठरे. १९६९ मध्ये किंमतही सरकारने बांधून दिली. त्यावर कंपन्या सुप्रीम कोर्टापर्यंत भांडल्या. फियाटसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत आणि ज्याचा नंबर लागे त्याने ती लगेच विकली तर नव्या किमतीपेक्षा जास्त पैसे मिळत. जुन्या वस्तूला नवीपेक्षा जास्त भाव! अर्थशास्त्राच्या पुस्तकाने मान खाली घालावी असा हा बाजार. माझ्या मते प्रीमियरच्या ऱ्हासाचे बीज इथे आहे. गिऱ्हाईक दाराशी रांग लावून उभे असताना उद्याची मोटार कशी असावी याचा विचार कोण करतो? आणि केला असता तरी नव्या मॉडेलची यंत्रे आणायला परकीय चलन आणि परवानगी कोण देणार होते? दोष कंपनीचा की सरकारचा, हा वाद मी कॉलेजात असताना कट्ट्यावर रंगत असे. मला तेव्हाही वाटे आणि आजही वाटते, की दोघांचे एकमेकांवाचून बरे चालले होते, आणि किंमत रांगेतला माणूस मोजत होता.

१९७३ चे वर्ष दोन्हीकडे निर्णायक ठरले. अमेरिकेत हवेच्या प्रदूषणाचे कायदे कडक झाले होते, तरण्या पोरांच्या दांडग्या मोटारींवर विमा कंपन्या जबर हप्ता लावू लागल्या होत्या, त्यात अरब राष्ट्रांनी तेल रोखले. पेट्रोल पंपांवर मैलभर रांगा लागल्या. सात लिटरचे इंजिन कोण पोसणार? बाराकुडा एप्रिल १९७४ मध्ये, बरोबर दहा वर्षांनी, बंद झाली. इकडे फियाटशी कराराची मुदत संपली होती. नाव बदलणे भाग होते. आधी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाले आणि १९७४ मध्ये चितोडच्या राणीवरून ‘प्रीमियर पद्मिनी’. तिकडे बाराकुडाचे तेरावे, इकडे पद्मिनीचे बारसे, एकाच साली. पत्रा तोच, इंजिन तेच. लोक पुढची तीस वर्षे तिला फियाटच म्हणत राहिले.

या मोटारीच्या पैशाने आणखी एक गोष्ट केली, ती नाट्यपंढरी सांगलीला सांगितलीच पाहिजे. पुढे प्रीमियरची धुरा वाहणारे विनोद दोशी नाटकवेडे होते. ताडदेवच्या ‘वालचंद टेरेस’मध्ये सत्यदेव दुबे यांच्या प्रायोगिक नाटकांना आसरा मिळाला. त्यांच्या नावाचा नाट्यमहोत्सव पुण्यात सुरू झाला, त्याचे मूळ या वेडात आहे.

आमच्या घरी फियाट आली १९७८ मध्ये, मिरजेच्या एका डॉक्टरांनी अकरा वर्षे वापरलेली. हाताचा गिअर, पुढे सलग बाक. वडील चालवायला, शेजारी आई, मध्ये मी किंवा बहीण, मागे आजी, आत्या आणि पिंपभर सामान. नरसोबाची वाडी, औदुंबर, कधी पुणे. पुण्याला जाताना खंबाटकी घाटात गाडी हमखास रुसायची. उन्हाने आणि इंजिनाच्या धगीने पेट्रोलची वाफ होई आणि पंप ओढेनासा होई. मिस्त्री लोक त्याला ‘एसी पंप’ म्हणतात. वडील शांतपणे उतरून त्यावर ओले फडके ठेवीत. आजी तेवढ्यात पदराखालून भडंग काढी. दहा मिनिटांत फडके वाळे, गाडी सुरू होई. यात कोणाला काही वावगे वाटत नसे. घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या चार-पाच फियाटी दिसल्या, की आपण योग्य रस्त्यावर आहोत याची खात्रीच पटे.

१४ डिसेंबर १९८३ ला दिल्लीत मारुती ८०० ची पहिली किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते गिऱ्हाइकाला मिळाली आणि हे जग पालटले. वडिलांनी मात्र पुढच्याच वर्षी नवी पद्मिनी घेतली. सांगलीतल्या वकिलांत तेव्हा एकच चर्चा होती, पत्र्याची. ‘मारुतीला टाचणी लागली तरी पोचा पडेल,’ असे ठाम मत असणाऱ्यांत ते होते. पोचा पडो न पडो, ती हलकी गाडी घाटात रुसत नव्हती, थंडीत चोक ओढून मिनतवाऱ्या करायला लावत नव्हती आणि पेट्रोल कमी पीत होती. चार वर्षांत त्या वकिलांपैकी निम्मे मारुतीत बसले.

प्रीमियरने हातपाय हलवले नाहीत असे नाही. १९८५ मध्ये ‘११८ एनई’ आणली. अंग जुन्या फियाट १२४ चे, काळीज निसानचे. नव्वदीत बाजार खुला झाला तेव्हा तर दोन-दोन परदेशी जावई आले. फ्रान्सच्या पूजोबरोबर डोंबिवलीजवळच्या कारखान्यात पूजो ३०९ आणि कुर्ल्यात पुन्हा फियाटबरोबर ‘उनो’. उनोसाठी लोकांनी अशी काही नोंदणी केली, की जुन्या रांगेची आठवण व्हावी. पण गाड्या वेळेवर निघेनात. कामगार आणि व्यवस्थापन यांचे जुने वैर पेटले. दत्ता सामंतांची युनियन इथे जोरात होती; जानेवारी १९९७ मध्ये त्यांची हत्या झाली. पूजो निघून गेली, डोंबिवलीचा कारखाना थंडावला, कुर्ला फियाटच्या हाती गेला. शतक उलटता उलटता पद्मिनीचे उत्पादन थांबले. या साऱ्याचा दोष कामगारांच्या माथी मारून मोकळे होणारे लोक मला भेटतात, तेव्हा मामा आठवतात. तीस-पस्तीस वर्षे तेच यंत्र, तोच साचा हाती देऊन जपानी गाडीशी स्पर्धा कर म्हणणे, हे कोणत्या कामगाराला जमले असते?

अमेरिकेतली थोरली बहीणही याच सुमारास गेली. १९७९ मध्ये क्रायस्लर बुडायला आली होती. ली आयाकोका यांनी दीड अब्ज डॉलरच्या कर्जाला सरकारची हमी मिळवून ती वाचवली आणि कर्ज १९८३ मध्येच फेडले. पण वाचताना प्लायमाउथ स्वतःचा चेहरा गमावून बसली. डॉजची गाडी आणि प्लायमाउथची गाडी यांत फरक उरला तो बिल्ल्याचा. १९९८ मध्ये जर्मनीच्या डेमलरशी लग्न झाले, १९९९ मध्ये प्लायमाउथ बंद करण्याचे जाहीर झाले आणि जून २००१ मध्ये शेवटची ‘निऑन’ बाहेर पडली. तीही एक साधी, छोटी, चार सिलिंडरची गाडी. रोड रनर ज्यांनी पाहिली त्यांना काय वाटले असेल!

पद्मिनी मात्र मुंबईत काळ्या-पिवळ्या रंगात आणखी वीस वर्षे जगली. शेवटच्या टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला झाली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून नाहीशी झाली. प्रीमियर कंपनीने २००९ मध्ये ‘रिओ’ नावाची एक छोटी गाडी काढून पाहिली. २०२१ मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. डोंबिवलीत ‘प्रीमियर मैदान’ हे नाव आता मोटारींपेक्षा राजकीय सभांमुळे ऐकू येते.

वडिलांची १९८४ ची पद्मिनी आमच्या अंगणात आहे. पंधरा वर्षांपुढच्या मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले, तेव्हा मुलीने पुण्याहून फोन करून विचारले, ‘बाबा, अजून किती वर्षं?’ हा प्रश्न मी शंभर फुटी रस्त्यावरच्या मिस्त्रींपुढे ठेवला. चाळीस वर्षे फियाटवर हात बसलेला माणूस. पोरगा आता इलेक्ट्रिक रिक्षा दुरुस्त करतो. त्यांनी फळीवरून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा काढला. आत तेलकट कागदात गुंडाळलेल्या डिस्ट्रिब्युटरच्या टोप्या होत्या.

‘चारच राहिल्यात बगा साहेब,’ ते म्हणाले. ‘मुंबईच्या टॅक्स्या होत्या तवर माल यायचा. आता येत न्हाई. तुमची गाडी एक टोपी दोन-तीन वर्सं खाती. तुमीच हिशेब करा.’

मी दोन घेतल्या. उरलेल्या दोन त्यांनी परत गुंडाळून ठेवल्या. मिरजेत आणखी एक पद्मिनी आहे म्हणाले.